तिसऱ्या फेरीतले नाना

आम्ही साताऱ्याहून जर्मनीला निघालो त्या सकाळी माझे सासरे, नाना, दारात उभ्या असलेल्या गाडीच्या बॉनेटवर वही ठेवून ड्रायव्हरचं लायसन्स उतरवून घेत होते. बॅगा डिकीत चढल्या होत्या. सासूबाई कुंकवाचा करंडा शोधत आत-बाहेर करत होत्या. दोन वर्षांची इरा माझ्या खांद्यावर झोपली होती, आणि मुंबईचं विमान चुकेल या धास्तीनं विवेक, म्हणजे माझा नवरा, सारखा घड्याळ बघत होता. नानांना घाई नव्हती. त्यांनी लायसन्सवरचा फोटो पाहिला, ड्रायव्हरचं तोंड पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला. मिशी कधी काढली, असं त्याला विचारलं. बहिणीच्या लग्नात काढली, असं तो म्हणाला, तेव्हा कुठे नाना गाडीपासून बाजूला झाले.

नाना पोलिसांच्या गोपनीय शाखेत हवालदार होते. खाकी कपडे त्यांनी थोडीच वर्षं घातले. बाकी सगळी नोकरी साध्या वेशात गेली, चहाच्या टपरीवर, सभेच्या शेवटच्या रांगेत, एसटी स्टँडच्या बाकावर. कोण आलं, कोण कुणाशी बोललं, हे बघायचं आणि लिहून वर पाठवायचं. पासपोर्टसाठी अर्ज केलेल्यांच्या घरी जाऊन चौकशी करायची, हेही त्यांच्याकडे असे. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती तरी सवय गेली नव्हती. गाडी सुरू झाली तशी त्यांनी खिडकीतून मला सांगितलं, "तिकडे जो फार गोड बोलेल त्याला सांभाळून. आणि जो काहीच बोलणार नाही, त्याला त्याहून सांभाळून."

पुण्याच्या टोलनाक्यापर्यंत मी आणि विवेक या वाक्यावर हसत होतो.

मग आम्ही हॅम्बर्गला पोचलो आणि तिथे कुणीच काही बोलत नव्हतं.

तुमच्यापैकी जे माझ्यासारखे निघून आलात त्यांना हे वेगळं सांगायला नको, पण जे मागे राहिलात त्यांच्यासाठी लिहिते. पहिलं वर्ष मी शांततेवर संशय घेण्यात घालवलं. तळमजल्यावरच्या फ्राऊ, म्हणजे श्रीमती, ब्रांड आम्ही जिना चढायला लागलो की पडद्याची कड सरकवून बघत. आमच्या लेटरबॉक्समध्ये कुणीतरी निनावी चिठ्ठी टाकली की कागदी कचऱ्याच्या डब्यात पिझ्झाचं खोकं टाकू नये. ऑफिसमध्ये मी दहा मिनिटं उशिरा आले तर कुणी काही म्हणत नसे, आणि त्यामुळेच मला वाटे की कुठेतरी नोंद होतेय. साताऱ्यात माणसं तोंडावर विचारतात, पगार किती, दुसरं मूल कधी. तो जाच वाटायचा. इथे कुणी विचारत नाही, त्याचाही जाचच झाला. चिठ्ठी लिहिणाऱ्या फ्राऊ ब्रांडच होत्या, हे मला दोन वर्षांनी कळलं. आमची पार्सलं आम्ही नसताना घेऊन, पुसून, दारात ठेवणाऱ्याही त्याच होत्या, हे त्याच दिवशी कळलं.

पण तोवर मला सवय लागली होती. जिन्यात कुणी भेटलं की मी मराठीतलं वाक्य अर्धं सोडायची. सरकारी पत्र आलं की आधी पाकीट उजेडात धरून बघायची. प्रत्येक कागद ओर्डनरमध्ये, म्हणजे त्या जाड पाठीच्या फाइलमध्ये, तारखेनुसार. विवेक म्हणायचा, तू नानांची सून नाहीस, मुलगी आहेस.

दहा-अकरा वर्षं अशी गेली. मग सासूबाई गेल्या. आम्ही तेराव्याला पोचलो आणि परतलो. नाना तिथे एकटे, दुपारी दोनदा जेवायचे आणि रात्री विसरायचे, असं शेजारचे सांगू लागले. आम्ही त्यांचा तीन महिन्यांचा व्हिसा काढला आणि त्यांना इकडे आणलं.

ते आले तेव्हा आम्ही त्यांच्यापासून एक गोष्ट लपवत होतो. दोन महिन्यांपूर्वीच आम्ही जर्मन नागरिकत्वासाठी अर्ज केला होता. तो मंजूर झाला की भारताचा पासपोर्ट परत करावा लागतो. आता जर्मनी दोन्ही चालू देते, पण आपल्याकडे चालत नाही. नानांचा सख्खा पुतण्या अमेरिकेचा नागरिक झाला, तेव्हापासून तो साताऱ्याला आला की नाना त्याला नावानं हाक मारत नाहीत. "पाहुणे आले का?" असं विचारतात. त्याच्याकडचं पाणीसुद्धा बसून पीत नाहीत. आयुष्यभर लोकांच्या पासपोर्टची चौकशी केलेल्या माणसाला, त्याच्या बायकोला जाऊन चार महिने झालेले असताना, हे कसं सांगणार? विवेक म्हणाला, जायच्या आधी सांगू. मी म्हटलं, बरं.

मग आमच्या तीन खोल्यांच्या घरात कुजबुज सुरू झाली. अर्जाची फाइल मी दिवाणखान्यातून काढून खाली केलरमध्ये, म्हणजे तळघरातल्या आमच्या कोठीत, सायकलींच्या मागे नेऊन ठेवली. इराला बजावलं की आजोबांसमोर हा विषय नको. ती तेरा वर्षांची होती. मराठी सगळं समजतं, उत्तर जर्मनमध्ये देते. तिनं आम्हा दोघांकडे आळीपाळीनं बघितलं आणि म्हणाली, "दास इस्ट डॉख आल्बर्न." हा खुळचटपणा आहे, असं तिला म्हणायचं होतं.

नानांनी काहीही विचारलं नाही. माझी भीती त्यानंच वाढली. दुसरे कुणाचे सासरे असते तर म्हणाले असते, काय गं, मी आलो की गप्प का होता? नाना चहा घेत, कप धुऊन ठेवत आणि सकाळी नऊला बाहेर पडत. त्यांना आम्ही महिन्याचं तिकीट काढून दिलं होतं. त्यावर बस, यू-बान नावाची मेट्रो आणि बंदरातली फेरीबोटसुद्धा चालते हे कळल्यावर त्यांनी दुसरं काही बघितलंच नाही. रोज धक्क्यावर जायचं, बोटीत बसायचं, एल्बे नदीतून पलीकडच्या टोकाला जायचं आणि त्याच बोटीनं परत. अंगात करडा बिनबाह्यांचा स्वेटर, वर विवेकचा जुना कोट, डोक्याला कानटोपी, खिशात वही. संध्याकाळी ताटावर बसले की सांगत, आज कॅप्टन बदलला. तपकिरी कुत्र्यावाली बाई सोमवारी येत नाही. मला बरं वाटायचं, कारण जोवर ते बोटीवरच्या माणसांबद्दल बोलत होते तोवर आमच्याबद्दल बोलत नव्हते.

पाचव्या आठवड्यात ते दोन दिवस ओळीनं तासभर उशिरा आले. कुठे होतात विचारलं तर म्हणाले, बोटीवर. एवढंच.

आता त्या वेळी माझ्या डोक्यात काय काय आलं ते खरंखरं लिहिते. आधी वाटलं, चक्कर आली असेल आणि लपवत असतील. मग वाटलं, धक्क्यावर आपल्या मराठी मंडळातलं कुणीतरी भेटलं असेल. इथल्या गणपतीला येणाऱ्या चाळीस कुटुंबांपैकी निम्म्यांना आमच्या अर्जाची माहिती होती. कुणीतरी काका म्हणून पाया पडलं असेल आणि अभिनंदन, तुमचा मुलगा आता जर्मन होणार, असं बोलून गेलं असेल. कोण, याचा मी अंदाज बांधू लागले. तीन नावं निघाली. त्यातल्या एकीशी मी त्या आठवड्यात फोनवर उगाच तुटक बोलले. तिचा काही संबंध नव्हता, हे आता लिहितानाही लाज वाटते.

गुरुवारी मी ऑफिसात दुपारी येते म्हणून कळवलं आणि नानांच्या मागे गेले.

निळा रेनकोट घातला, टोपी पुढे ओढली आणि यू-बानमध्ये त्यांच्यानंतरच्या डब्यात चढले. धक्क्यावर तोंडाशी कसला तरी छापील बोर्ड लावला होता, तो मी वाचला नाही, कारण माझी नजर नानांच्या पाठीवर होती. बोटीवर ते वरच्या उघड्या डेकवर गेले. मी जिन्याच्या खांबाआड उभी राहिले. वारा असा होता की डोळ्यांतून पाणी येत होतं. नाना एका माणसाकडे बघत होते. म्हणजे बघत नव्हते. त्या माणसाच्या डावीकडे क्रेनकडे बघत होते, पण तो माणूस हलला की तेही हलत. तो साधारण चाळिशीचा, गोरा, गोंधळलेल्या चेहऱ्याचा, हातात तपकिरी चामडी पेटी. पलीकडच्या धक्क्यावर तो उतरला आणि दोन मिनिटांनी पुन्हा त्याच बोटीत चढला. परत आल्यावर पुन्हा तेच. तीन फेऱ्या झाल्या. प्रत्येक वेळी नाना त्याच्या मागे सहा पावलांवर आणि मी नानांच्या मागे दहा पावलांवर. तिसऱ्या फेरीनंतर माझी मीटिंग होती, मला जावं लागलं. जाताना मनात एकच होतं, नानांचं डोकं फिरत चाललंय, आणि ते आम्ही एकटं सोडल्यामुळे.

त्या संध्याकाळी नानांनी जेवताना स्वतःहून सांगितलं. सांगण्याची पद्धत नेहमीचीच, साक्ष दिल्यासारखी. गेले तीन दिवस एक इसम बोटीवर संशयास्पद रीतीनं ये-जा करत होता. पेटी कधी उजव्या हातात, कधी डाव्या. चौथ्या फेरीत त्यांनी त्याला गाठलं आणि इंग्रजीत विचारलं की साहेब, तुम्ही वाट चुकला आहात की कुणावर नजर ठेवून आहात? त्यावर तो इसम हसत सुटला. मागच्या बाकावरचे दोघे, जे पर्यटक वाटत होते, त्यांनी बॅगेतून कॅमेरा वर काढला. तो ब्रिटिश सिनेमा होता, आणि धक्क्यावर मी न वाचलेला बोर्ड त्याच्याच चित्रीकरणाचा होता. पेटीवाला त्याचा नायक होता.

नानांनी खिशातून कार्ड काढून ताटाशेजारी ठेवलं. त्यावर सहायक दिग्दर्शक असलेल्या मुलीचं नाव होतं, क्लेअर. तिनं नानांना गोष्ट सांगितली होती आणि नानांना ती पाठ झाली होती. लंडनमधला चष्म्याच्या दुकानातला एक साधा सेल्समन हॅम्बर्गला चष्म्यांच्या प्रदर्शनासाठी येतो. कुणाची तरी पेटी त्याच्याकडे येते. सगळे त्याला गुप्तहेर समजायला लागतात. तो बिचारा ओरडून सांगतो की मी नाही, आणि जितका सांगतो तितकी लोकांची खात्री पटते. विनोदी सिनेमा. तीन दिवसांचं चित्रण बघताना त्यांच्या लक्षात आलं होतं की प्रत्येक तुकड्यात नायकाच्या मागे एक कानटोपीवाला म्हातारा आहे आणि तो त्यांचा नाही. आधी ते चिडले, मग दिग्दर्शकाला तो म्हातारा आवडला. आणखी दोन दिवस नानांनी यावं, असं त्यांचं म्हणणं होतं.

"मी पत्ता लिहून दिलाय," नाना म्हणाले. सासूबाई गेल्यापासून त्यांचा आवाज एवढा मोठा मी ऐकला नव्हता. इरा टाळ्या वाजवत होती. विवेक हसत होता. मला मात्र व्हिसा आठवला.

व्हिजिटरच्या व्हिसावर काम करता येत नाही. त्या व्हिसासाठी हमीपत्रावर सही माझी. आणि माझाच अर्ज सरकारी टेबलावर. सिनेमावाले नानांच्या पासपोर्टची प्रत घेतील, कुठेतरी कळवतील, कुणीतरी दोन कागद जुळवून बघेल. मी विवेकला बाजूला घेऊन हे सांगितलं. तो म्हणाला, नानांना सरळ सांग की व्हिसात बसत नाही. मी म्हटलं, आणि त्यांनी विचारलं की तुला कशाची एवढी भीती, तर?

मी त्याच रात्री क्लेअरला ईमेल लिहिला की माझ्या सासऱ्यांना ताप आला आहे, ते येऊ शकणार नाहीत. सकाळी नानांना सांगितलं की सिनेमावाल्यांचा फोन आला होता, त्यांनी तो प्रसंग रद्द केला. नाना "बरं" म्हणाले आणि कप धुवायला घेतला.

शनिवारी सकाळी अकराला बेल वाजली. विवेक आणि इरा पोहायला गेले होते. दार नानांनीच उघडलं. मी स्वयंपाकघरातून ओल्या हातांनी बाहेर आले तेव्हा दारात पिवळ्या ट्यूलिपचा गुच्छ घेतलेली एक पंचविशीतली मुलगी उभी होती आणि ती नानांना विचारत होती की आता ताप कसा आहे.

नानांनी माझ्याकडे बघितलं नाही. ते तिला इंग्रजीत म्हणाले की आता उतरला आहे, आत या.

ती सोफ्यावर बसली. गोड मुलगी होती, फार गोड बोलत होती, आणि मला ती निघून जावी एवढंच वाटत होतं. तिनं टॅब्लेट काढला. म्हणाली, तुम्ही येऊ शकला नाहीत तरी जे आहे ते आम्हाला ठेवायचं आहे, त्यासाठी फक्त संमतीची सही लागेल. हे काम नव्हे, मोबदला नाही, कुठे कळवायचं नाही. तुम्ही बोटीवर होतात आणि दिसलात, एवढंच. मग तिनं तो तुकडा लावला.

वरचा डेक. राखाडी पाणी. पुढे पेटीवाला, बावरलेला. त्याच्या मागे नाना, क्रेनकडे बघत. आणि नानांच्या मागे, जिन्याच्या खांबाआडून डोकं बाहेर काढणारी, निळ्या रेनकोटातली एक बाई.

क्लेअर म्हणाली, आम्हाला वाटतं ही त्याहून मजेदार आहे, पण ही कोण ते आम्हाला सापडत नाहीये. मग ती माझ्याकडे बघत राहिली. रेनकोट तिच्या मागेच खुंटीवर टांगलेला होता.

ती मीच, हे मी मान्य केलं. दुसरं करणार काय? ती हसली, दोन संमतीपत्रं टेबलावर ठेवली आणि चहा घेऊन गेली. नाना तिला खालच्या दरवाजापर्यंत पोचवून आले. वर आल्यावर खुर्चीत बसले, चष्मा काढून पुसला.

"किती होता ताप मला?"

मी टेबलावरचे कप उचलू लागले.

"मागे मागे का येत होतीस?"

"तुम्ही दोन दिवस उशिरा आलात. वाटलं, चक्कर वगैरे आली असेल."

"हे एक झालं. दुसरं सांग."

मी क्लेअरचा रिकामा कप हातात घेऊन उभी होते. सांगून टाकलं. अर्ज, पासपोर्ट, कधी भरला, का लपवला. पुतण्याचं नावही घेतलं. विवेक येईपर्यंत थांबावं असं एकदा मनात आलं, पण थांबले असते तर पुन्हा बोलणं झालं नसतं.

नानांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मला पहिल्याच आठवड्यात कळलं. इराच्या दप्तरात नागरिकत्वाच्या परीक्षेचं पुस्तक होतं, त्यावर तुझं नाव. त्यावरच्या जर्मन शब्दाचा अर्थ तिनंच मला फोनवर काढून दाखवला. तिला मी सांगितलं, आईला बोलू नको." ते थांबले. "मी वाट बघत होतो, आधी कोण बोलतंय. विवेक बोलेल असं वाटलं नव्हतं. तू बोलशील असं वाटलं होतं."

शिव्या दिल्या असत्या तर मी सहन केल्या असत्या. या वाक्यावर मी हातातला कप खाली ठेवला आणि त्यांच्यासमोर बसले.

मग नानांनी मला एक जुनी गोष्ट सांगितली, जी विवेकनंही कधी ऐकली नव्हती. एका तरुण फिटरला आखातात नोकरी लागली होती. त्याच्या पासपोर्टची चौकशी नानांकडे आली. ते घरी गेले तर त्याची आई गरजेपेक्षा जास्त हसत होती. पोहे केले, सरबत केलं, पण आतल्या खोलीचं दार ओढून घेतलेलं. नाना पुन्हा गेले, पुन्हा दार बंद. इथे काहीतरी लपवतायत, असं त्यांना वाटलं आणि त्यांनी शेरा मारला, अधिक चौकशी आवश्यक. फाइल पडून राहिली. चौकशी होईपर्यंत नोकरी गेली. आतल्या खोलीत त्याची बहीण होती. तिचं डोकं ठिकाणावर नसे, आणि बाहेर कळलं तर धाकटीचं लग्न जमणार नाही म्हणून तिला लपवत होते.

"लपवत होते हे खरंच होतं," नाना म्हणाले. "माझी नजर चुकली नव्हती. पण ते घरातलं दुखणं होतं, गुन्हा नव्हता. हे ओळखायला मी कधी शिकलोच नाही. तो आता साताऱ्यातच पोवई नाक्याच्या पुढे पंक्चर काढतो. मी दिसलो की उठून नमस्कार करतो. तो एकदा तरी भांडला असता तर बरं झालं असतं."

मी चहा ठेवला. नाना म्हणाले, "फाइल आण."

"कुठली?"

"खालची. सायकलींच्या मागची."

विवेक आणि इरा परत आले तेव्हा टेबलावर आमचा अख्खा अर्ज पसरलेला होता आणि नाना भिंग लावून एकेक पान वाचत होते. विवेक दारातच थबकला. नानांनी मान वर केली नाही. थोड्या वेळानं म्हणाले, "तुझ्या जन्मदाखल्यावर माझं नाव एका स्पेलिंगचं आहे आणि लग्नाच्या दाखल्यावर दुसऱ्या. इथल्या साहेबाच्या लक्षात आलं तर अडकवून ठेवेल. मी असतो तर ठेवलं असतं." त्यांनी साताऱ्याला कुणाला फोन करायचा, कुठला दाखला मागायचा, सगळं लिहून दिलं. रागावलात का, असं विवेकनं विचारलं. नाना म्हणाले, रागावलोय, पण कागद चुकीचा जाऊ नये.

संमतीपत्र चार पानी होतं. नानांनी ते दोन दिवस डिक्शनरी घेऊन वाचलं आणि शेवटी सही केली, प्रत्येक पानावर. मी केली नाही. क्लेअरनं पुन्हा समजावलं, विवेकनं समजावलं, इरानं तर तोंड फिरवलं. पण अर्जाचा निकाल लागेपर्यंत माझं नाव कुठल्याही नव्या कागदावर नको, असं माझ्या मनानं घेतलं होतं. एकदा धाकानं नाही म्हटलं की माणूस त्यालाच तत्त्व म्हणायला लागतो.

नव्वद दिवस पुरे झाल्यावर नाना परत गेले. इथेच राहा म्हणायला आम्हाला तोंड नव्हतं आणि कायदाही नव्हता. आठ महिन्यांनी आमचं नागरिकत्व मंजूर झालं. नवीन स्पेलिंगचा दाखला आधीच जोडलेला असल्यामुळे एकही प्रश्न आला नाही. जुने पासपोर्ट वकिलातीत दिले, ते रद्द करून परत मिळाले. मी नानांना फोनवर सांगितलं. त्यांनी विचारलं की शिक्का कुठल्या पानावर मारला. मी सांगितलं. "फोटोवर नाही ना मारला?" म्हणाले. नाही म्हटल्यावर त्यांनी विषय बदलला. त्यानंतरच्या दिवाळीत आम्ही साताऱ्याला गेलो होतो. मी घाबरत होते, पण त्यांनी दार उघडून आम्हाला नावानं हाक मारली. पाहुणे म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर काय केलं असतं, याचा विचार मी अजूनही कधीतरी करते.

परवा रविवारी तो सिनेमा इथे लागला. ऑल्टोनामधल्या एका लहान थिएटरात, दुपारचा खेळ. आम्ही तिघं गेलो. प्रेक्षक हसत होते, मी पडद्याचे कोपरे तपासत होते. अर्धा सिनेमा संपल्यावर बोट आली. "दा! आजोबा!" तिथे बघा म्हणून इरा ओरडली आणि पुढच्या रांगेतल्या दोन बायकांनी वळून बघितलं. पेटीवाला पळतोय आणि मागे नाना. वाऱ्यात कोट फडफडतोय, नजर क्रेनवर. लोक खळखळून हसले. सात-आठ सेकंद असतील.

त्यांच्या मागे मी नव्हते. चित्र बाजूनं कापून घेतलं होतं. जिन्याचा खांब अर्धा दिसत होता आणि मग नुसतं पाणी. एवढ्या मोठ्या पडद्यावर नाना बोटीवर अगदी एकटे दिसत होते. खरं तर आता ते साताऱ्यात असतात तसेच. विवेकनं अंधारात माझा हात धरला. त्याला काय वाटत होतं ते मी विचारलं नाही.

लोक विचारतात, घर कुठलं? इथलेही विचारतात, तिथलेही. या प्रश्नामागे दुसरा प्रश्न असतो, असा मला नेहमी संशय येतो, आणि बहुतेक वेळा तो खरा निघतो. म्हणून मी शहराचं नाव सांगून मोकळी होते. पण थिएटरमधून बाहेर पडल्यावर कुणाला आधी सांगायचं, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. साताऱ्यात संध्याकाळ झाली होती. नानांनी पहिल्याच रिंगला फोन उचलला.

मी सगळं सांगितलं. लोक कुठे हसले, इरा कशी ओरडली. ते ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, "आणि तू?"

"मला कापलंय, नाना. मी सही केली नव्हती."



"असू दे," नाना म्हणाले. "मागे कोण होतं ते मला पहिल्या फेरीपासून ठाऊक होतं. म्हणून तर मी वरच्या डेकवर उभा राहिलो. खाली बसलो असतो तर तुला दिसलो नसतो."